मँचेस्टर युनायटेडचे दुखणे प्रशिक्षकांपलीकडचे

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या घसरणीचे सारे खापर एका लेखात एकापाठोपाठ आलेल्या प्रशिक्षकांवर फोडले आहे, ते मला पटत नाही. २०१३ साली दीर्घकाळचे प्रशिक्षक सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन आणि मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल एकाच वेळी बाहेर पडले, आणि त्यानंतर फुटबॉल संचालक (खेळाडूंची निवड व संघाची दीर्घकालीन दिशा पाहणारा अधिकारी) नेमायला मार्च २०२१ उजाडावा लागला. तोवर व्हान गाल आणि मोरिन्यो यांच्यासारख्या अगदी भिन्न विचारांच्या प्रशिक्षकांमागे वेगवेगळ्या साच्यांचे खेळाडू उरले होते.

क्रीडा संचालक डॅन अ‍ॅशवर्थ यांचे प्रकरण मला अधिक क्लेशदायक वाटते. न्यूकॅसल क्लबमधून त्यांची सुटका होण्यासाठी युनायटेडने कित्येक महिने वाट पाहिली, जुलै २०२४ मध्ये ते रुजू झाले आणि डिसेंबरमध्ये गेलेही. त्याच जुलैमध्ये प्रशिक्षक एरिक टेन हाग यांचा करार वाढवला होता, आणि ऑक्टोबरअखेर त्यांना काढले. ज्या पदाचे कामच पुढच्या अनेक हंगामांचा विचार करण्याचे, त्यावरील माणसाला जेमतेम पाच महिने मिळावेत? लिव्हरपूल क्लबने आपले क्रीडा संचालक मायकेल एडवर्ड्स यांना २०१६ ते २०२२ एवढा अवधी दिला. प्रशिक्षकाच्या निवडीत अंतिम शब्द कोणाचा, हे युनायटेडने नेमणुकीआधीच लेखी ठरवायला हवे होते.