‘कॅटेगरी 3 च्या खाली असेल तर निवांत राहा’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

जून लागला, हरिकेनचा म्हणजे इथल्या चक्रीवादळांचा मोसम आला, की टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. मूळ कोणाचा, कोणालाच माहीत नाही. त्यातला मजकूर थोडक्यात असा: कॅटेगरी 3 च्या खालचं हरिकेन म्हणजे आपला मुंबईचा जुलै, निवांत राहा. खिडक्यांवर टेपची फुली मारा आणि हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक खिडकी किलकिली ठेवा. वादळ मोठं असेल तर सगळ्यांनी गाडी काढून डॅलस गाठा. जनरेटर गॅरेजमध्ये दार अर्धं उघडून चालवा. घराचा विमा आहेच, पाण्याची चिंता नको.

यातला एकही सल्ला धड नाही, आणि पहिला तर सगळ्यात वाईट, कारण बाकीची बेफिकिरी त्याच्यातूनच येते.

कॅटेगरीचा आकडा फक्त वाऱ्याचा असतो. ताशी 119 ते 153 किलोमीटर सलग वारा असेल तर 1, आणि 252 किंवा त्याहून जास्त असेल तर 5. पाऊस किती पडणार, समुद्राला उधाण किती येणार, वादळ एका जागी किती वेळ ठाण मांडणार, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. आणि अमेरिकेत हरिकेनमध्ये थेट वादळाने गेलेल्या माणसांचा पाच दशकांचा हिशेब पाहिला, तर दहातली सुमारे नऊ पाण्याने गेलेली आहेत. म्हणजे संदेश ज्या आकड्यावर भरवसा ठेवायला सांगतो, तो मुख्य मारेकऱ्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

ह्यूस्टनकरांना यासाठी लांब जायला नको. जून 2001 मधलं अ‍ॅलिसन कधी हरिकेन झालंच नाही, नुसतं ट्रॉपिकल स्टॉर्म राहिलं. तरी त्याने टेक्सास मेडिकल सेंटरच्या तळघरांत पाणी भरलं आणि रुग्णालयांची वीज घालवली. हार्वी 25 ऑगस्ट 2017 ला रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा कॅटेगरी 4 होतं, पण ह्यूस्टन बुडालं ते त्याचा वारा ओसरून ते ट्रॉपिकल स्टॉर्म झाल्यावर. टेक्सासमधल्याच नेदरलंड गावात त्या वादळात 60.58 इंच, म्हणजे जवळजवळ 1,539 मिलिमीटर पाऊस झाला. 2008 चं आयक गॅल्व्हस्टनला धडकलं ते कॅटेगरी 2 म्हणून. शेजारच्या बोलिव्हर पट्टीवर 15 ते 20 फूट उधाण आलं आणि तिथल्या कित्येक घरांचे नुसते खांब उरले. संदेशाच्या हिशेबाने, ह्यूस्टन परिसरात असताना ही तिन्ही वादळं निवांत राहण्याची.

आणि मुंबईचा जुलै म्हणायचं, तर कोणता जुलै? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला होता, तोही जुलैच.

‘पण कॅटेगरी 1 चा वारा तरी किरकोळच ना?’ हेही ऐकू येतं. 8 जुलै 2024 ला बेरिल कॅटेगरी 1 म्हणून टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या माटागोर्डाजवळून आत शिरलं. झाडं तारांवर कोसळली आणि ह्यूस्टन परिसरात 20 लाखांहून जास्त वीजजोडण्या बंद पडल्या. अनेकांकडे आठवडा उलटला तरी दिवे आले नव्हते, आणि नंतरच्या मृत्यूंमध्ये उकाड्याचे बळीही होते. ज्यांचं माहेर-सासर रायगड-रत्नागिरीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. 3 जून 2020 चं निसर्ग अमेरिकन मोजपट्टीवर पहिल्या श्रेणीच्या आसपासचंच वादळ होतं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या कशा आडव्या झाल्या, हे तिथल्या बागायतदारांना विचारावं.

टेपचं लवकर उरकू. टेपने काच मजबूत होत नाही, फुटलीच तर मोठे, जड तुकडे उडण्याची शक्यता वाढते. वादळापूर्वीचा मोलाचा तासभर त्यात जातो तो वेगळाच. स्वतःचं घर असेल तर शटर, नाहीतर आधीच मापाने कापून ठेवलेलं 5/8 इंची प्लायवूड. वादळ मेक्सिकोच्या आखातात आल्यावर प्लायवूड आणायला गेलात तर दुकानात फक्त रांग मिळेल.

उघडी खिडकी मात्र खरोखर धोक्याची आहे. वारा आत घुसला की छताला आतून वर ढकलतो, त्याच वेळी बाहेरून जाणारा वारा ते वर खेचत असतो. 1992 च्या अ‍ॅण्ड्र्यूनंतर फ्लोरिडात पडझडीची पाहणी झाली, तेव्हा गॅरेजचं मोठं दार आधी आत दबलं आणि मग छप्पर गेलं, अशी घरं पुष्कळ सापडली. म्हणून सगळी दारं-खिडक्या बंद, आतल्या खोल्यांचीसुद्धा. अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्यांनी खिडकी नसलेलं बाथरूम किंवा कपड्यांची खोली आधीच हेरून ठेवावी. मधेच वारा पडला आणि आकाश उजळलं तरी बाहेर पडू नका. तो वादळाचा डोळा असेल, तर काही वेळात उलट्या दिशेने पुन्हा तेवढाच जोर येतो.

आता डॅलस. सप्टेंबर 2005 मध्ये, न्यू ऑर्लीन्स बुडवणारं कॅटरिना ताजं असताना, रीटा वादळाच्या भीतीने ह्यूस्टन परिसरातून 25 लाखांच्या आसपास माणसं एकदम रस्त्यावर आली. त्यातल्या बऱ्याच जणांना कोणी निघायला सांगितलंच नव्हतं. हायवे तासन्‌तास ठप्प, पेट्रोल संपलेलं, भर उन्हात एसी बंद. डॅलसजवळ वृद्धाश्रमाच्या बसला आग लागून 23 जण गेले. टेक्सासमधल्या त्या वेळच्या मृत्यूंपैकी बहुतेक या पळापळीतले होते, वादळाच्या तडाख्यातले नव्हेत.

इथले आपत्ती व्यवस्थापनवाले सांगतात तो नियम साधा आहे: पळायचं ते पाण्यापासून, वाऱ्यापासून घरात आडोसा घ्यायचा. गॅल्व्हस्टन आणि खाडीकाठचे भाग पिनकोडनुसार कोस्टल, ए, बी, सी अशा विभागांत वाटलेले आहेत. आपला पिनकोड त्यात असेल आणि हुकूम आला तर लगेच निघा, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. त्यात नसाल तर बहुतेक वेळा घरीच थांबून रस्ता त्यांच्यासाठी मोकळा ठेवणं बरं.

यावर केटी आणि शुगरलँड या उपनगरांतली आपली मंडळी म्हणतील, आम्ही समुद्रापासून लांब, प्रश्न मिटला. हार्वीत अ‍ॅडिक्स आणि बार्कर जलाशय फुगून केटीकडच्या वसाहतींत पाणी शिरलं, आणि जलाशयांतून विसर्ग सुरू झाल्यावर खाली बफेलो बायू या ओढ्याच्या काठची घरं बुडाली. आपलं घर जलाशयाच्या पूरक्षेत्रात आहे, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. नकाशा आजच पाहून ठेवा. आणि पाणी भरलेल्या अंडरपासमध्ये गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी तरंगवायला पुरतं.

जनरेटरचा सल्ला ज्याने लिहिला, त्याने कार्बन मोनॉक्साइड हे नाव ऐकलं नसावं. धुरातल्या या विषारी वायूला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. गॅरेजचं दार अर्धं काय, पूर्ण उघडलं तरी भागत नाही. जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान 20 फूट लांब, धुराचं तोंड पलीकडे, आणि घरात बॅटरीवर चालणारा अलार्म. फेब्रुवारी 2021 च्या गारठ्यात वीज गेली तेव्हा याच ह्यूस्टनमध्ये लोकांनी ऊब मिळावी म्हणून कोळशाची ग्रिल घरात पेटवली, गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या, आणि माणसं दगावली. हरिकेननंतर अनेकदा असे मृत्यू होतात, कधी कधी वादळाच्या पाण्याने गेलेल्यांहूनही जास्त.

विम्याबद्दल: घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो. छप्पर उडून पाऊस आत आला तर एक गोष्ट, जमिनीवरून चढलेलं पाणी आत आलं तर दुसरी. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. सरकारी योजनेत घरासाठी कमाल अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख मिळतात. भाडेकरूलाही सामानापुरता तो घेता येतो. मुख्य म्हणजे पॉलिसी साधारण 30 दिवसांनी लागू होते. टीव्हीवर वादळाचा नकाशा दिसू लागल्यावर फोन केलात तर त्या वादळापुरता उपयोग शून्य. हार्वीत बुडालेल्या बहुतांश घरांना हा विमा नव्हता.

खाण्यापिण्याबद्दल संदेश ‘मॅगी आणि दूध भरून ठेवा’ म्हणतो. इथल्या कितीतरी घरांत शेगडी विजेची आहे, आणि फ्रिज न उघडता चार तासच थंड राहतो. त्यापेक्षा चिवडा, भडंग, शेंगदाणे, खजूर, लाडू, दडपे पोह्यांपुरते पातळ पोहे. माणशी दिवसाला एक गॅलन पाणी, किमान तीन दिवसांचं, जमल्यास आठवड्याचं. बाथटब जरूर भरा, पण ते पाणी फ्लशला, प्यायला नाही. पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रं, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) आणि विम्याचे कागद एका जलरोधक पिशवीत, आणि त्यांचे फोटो फोनमध्ये.

आपल्याकडे याच मोसमात भारतातून आई-बाबा आलेले असतात, आणि संदेशात त्यांच्याबद्दल ओळही नाही. त्यांची औषधं महिन्याच्या हिशेबाने आधीच आणून ठेवा. इन्सुलिन फ्रिजबाहेर 30 अंश सेल्सिअसपर्यंत साधारण 28 दिवस टिकतं, पण जुलैत वीज गेलेल्या घरात पारा त्याच्या वर जातो, म्हणून थंड पिशवी हवी. घरात कोणाला ऑक्सिजन यंत्र लागत असेल किंवा चालता येत नसेल, तर 211 या मदतवाहिनीवर फोन करून टेक्सासच्या मदत-नोंदणीत नाव घालता येतं. नाव घातलं म्हणजे कोणी येईलच अशी हमी राज्य देत नाही. तेव्हा अशा घरांनी वीज असलेल्या कोणाकडे जायचं, हे वादळ येण्याआधीच त्या माणसाशी बोलून ठरवावं.