पाला टाकायचा कुठं, ते नकाशावर लिहा

आमच्या वसाहतीत सध्या दोन गट पडलेत. कारण निवडणूक नाही, सीमाप्रश्न नाही, गणपतीची वर्गणीही नाही. कारण आहे पालापाचोळा.

लेआउटच्या कोपऱ्यावर एक सीए साइट, म्हणजे नागरी सुविधांसाठी राखलेली जागा, बरीच वर्षं मोकळी पडून आहे. वॉर्डातल्या घरांनी तिथं फक्त झाडांचा कचरा आणून टाकावा, म्हणजे पाला, फांद्या, कापलेलं गवत, नारळाच्या झावळ्या, आणि मग त्याचा भुगा करून खत करावं, असा प्रस्ताव आहे. एका गटाला हे उद्याच सुरू व्हायला हवंय. दुसऱ्याने 'कचरा डेपो नको' असा फ्लेक्स लावलाय. मी पहिल्या गटात. पण खरं सांगायचं तर विरोधकांपेक्षा माझं आमच्याच मंडळींशी जास्त वाजलंय, म्हणून हे लांबण लावतोय. आमची मंडळी म्हणतात, "परवानगी-बिरवानगी नंतर बघू की ओ, तोंडी हो म्हटलंय ना, आधी सुरू करूया." मला नेमकं तेवढंच नकोय.

आधी गरज आहे का ते बघू. बेळगावात झाडं किती आहेत हे बेळगावकराला सांगायला नको. टिळकवाडी, हिंदवाडी, कॅम्प इथल्या जुन्या कंपाउंडांतले आंबे-फणस, रस्त्याकडेचे रेन ट्री आणि गुलमोहर यांचं कौतुक आपण पाहुण्यांना दाखवतो. फेब्रुवारी-मार्चात हीच झाडं अंगणं भरून टाकतात. मग वळीव येतो, फांद्या मोडतात. त्याच सुमाराला तारांखालच्या फांद्या छाटल्या जातात, आणि त्यांचा ढीग छाटला तिथंच रस्त्याकडेला राहतो. घंटागाडीवाला ओला घेतो, सुका घेतो, पण पाल्याचं पोतं बघितलं की मान हलवतो. त्याचंही चुकत नाही. एका बंगल्याच्या फांद्या भरल्या तर उरलेल्या गल्लीचा कचरा कुठं घालणार?

मग हा पाला जातो कुठं? बघायचं असेल तर संध्याकाळी दिवेलागणीला नाल्याच्या पुलावर उभं राहा. बंगल्यांतली बाग राखणारा माळी सायकलवरून येतो. कॅरियरला जुन्या लुगड्यात बांधलेलं भलंमोठं गाठोडं. तो सायकल कठड्याला टेकवतो, मागेपुढे बघतो, गाठ सोडतो, लुगडं झटकतो आणि घडी घालून परत कॅरियरला लावतो. अर्ध्या मिनिटाचं काम. लुगडं जपून नेतो, उद्या लागणार असतं. त्याला शिव्या घालणं सोपं आहे. पण "पाला बाहेर टाकून ये" म्हणून वर पन्नास रुपये देणारे आपणच, आणि 'बाहेर' म्हणजे कुठं हे त्याने विचारू नये अशी आपली सोय.

जे नाल्यात टाकत नाहीत ते जाळतात. सकाळी फिरायला बाहेर पडा, गल्लीच्या तोंडाशी धुमसणारा ढीग असतोच. ओलसर पाला धड पेटत नाही, धड विझत नाही, आणि त्या धुराने दम्याच्या माणसाचा अख्खा दिवस जातो. 2016 च्या घनकचरा नियमांत हे स्पष्ट होतं: बागेचा कचरा वेगळा साठवायचा, स्थानिक संस्था सांगेल तशी त्याची विल्हेवाट लावायची, आणि रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात किंवा नाल्यात कचरा टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचाही नाही. सगळं बरोबर. पण 'स्थानिक संस्था सांगेल तशी' म्हणजे कशी, हे आमच्या वॉर्डात कुणी सांगितलं असेल तर मला दाखवा.

नाल्यात पडलेलं पुढे कुठं जातं, तेही आपल्याला माहीत असतं. बळ्ळारी नाल्याकाठची शहापूर, वडगाव, येळ्ळूरची शिवारं पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि भाताची रोपं कुजतात. गाळ आहे, जलपर्णी आहे, अतिक्रमण आहे, सगळा दोष पाल्यावर टाकत नाही. पण आमच्या अंगणातला पाला तिथं जाऊन बसलेला नाही, असं शेतकऱ्यासमोर उभं राहून म्हणायची माझी तरी हिंमत नाही. गंमत म्हणजे त्याच शेतकऱ्याच्या गायरीत, म्हणजे खताच्या खड्ड्यात, हा पाला गेला असता तर त्याचं सोनं झालं असतं.

आता विरोधकांचं. फ्लेक्सवरचा 'डेपो' हा शब्द उगाच आलेला नाही. बेळगावकराला डेपो म्हटलं की तुरमुरी आठवतं. शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिकडे गेला, आणि वास, माशा, पाणी खराब होण्याची भीती तुरमुरीकरांच्या वाट्याला आली. ते बघितलेल्या माणसाने 'आमच्या दारात नको' म्हटलं तर त्याला अडाणी ठरवू नका. समोरच्या घरातले काका मला म्हणाले, "सर, आज पाला म्हणतायसा. उद्या कोण तरी हॉटेलचं पोतं टाकणार. परवा मेलेलं कुत्रं येणार. मग तुम्ही कुठं असणार?" ह्या प्रश्नाला आमच्या गटाकडे उत्तर नव्हतं. सगळे हसले. मला नाही हसू आलं, कारण शहरातला प्रत्येक ब्लॅक स्पॉट असाच जन्माला आलाय. एकाने कोपऱ्यावर पिशवी ठेवली, दुसऱ्याने ती बघितली.

पण काकांना भीती वाटतेय वासाची, आणि मला वाटतं ती भीती चुकीच्या ठिकाणी आहे. कोरडा पाला वास मारत नाही. त्यात कार्बन जास्त, नायट्रोजन कमी. खत नीट व्हायला हे प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1 असावं लागतं, आणि नुसत्या वाळल्या पाल्यात कार्बन त्याच्या दुप्पटही निघतो. म्हणून तो नुसता पडून राहतो, वर्षभर कुजायचं नाव घेत नाही. वास सुटतो तो ओलं गवत नुसतंच दाबून रचलं, हवा कोंडली आणि वरून आपला पाऊस पडला की. थोडं ओलं गवत, भरपूर पाल्याचा भुगा, अधूनमधून ढीग उलथवणं आणि डोक्यावर पत्र्याची शेड, एवढं असेल तर ढिगाच्या पोटात 55 अंशांच्या वर उष्णता चढते, तणाचं बी मरतं, आणि जवळ गेलं तर रानातल्या मातीचा वास येतो. उंदीर आणि कुत्री शिळ्या भातासाठी येतात, आंब्याच्या पानांसाठी नाही.

खरा त्रास वेगळाच आहे, आणि दोन्ही गटांपैकी त्यावर कुणी बोललेलं नाही. एक, आवाज. फांद्यांचा भुगा करणारं चिपर यंत्र मी चालताना ऐकलंय. मनगटाएवढी फांदी आत गेली की कानठळ्या बसतात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांत निवासी भागाला दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे. हे यंत्र रोज सकाळी सुरू झालं तर फ्लेक्स लावणाऱ्यांच्या पुढे मी उभा असेन. दोन, आग. मार्च-एप्रिलात वाळल्या पाल्याचा पुरुषभर उंच ढीग, शेजारून जाणारा विडीवाला, आणि जवळ नळ नाही. ह्यावर कुणी फ्लेक्स लावला असता तर मी सही केली असती.

म्हणून माझं म्हणणं आहे की मंजुरी हवीच, पण कागदावर हवी, आणि कागदावर अटी हव्यात. सीडीपीच्या, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याच्या, नकाशात प्रत्येक तुकड्याचा रंग ठरलेला असतो. निवासी, व्यापारी, सार्वजनिक वापर, बाग. झोनिंगच्या नियमांत कुठल्या रंगात काय थेट चालतं आणि काय विशेष परवानगीने चालतं, याच्या याद्या असतात. पाला गोळा करायची जागा नेमकी कशात बसते? कचरा प्रक्रिया केंद्र म्हणावं तर भलताच बोजा येतो. तो बोजा मोठ्या केंद्रांसाठीचा: 2016 च्या नियमांत बफर झोनची (भोवती मोकळ्या ठेवायच्या पट्ट्याची) गोष्ट होती ती रोज 5 टनांपेक्षा जास्त क्षमतेच्या केंद्रांसाठी, आणि आमचा एक वॉर्ड कितीही झाडं पाडून बसला तरी तिथवर जाणार नाही. नर्सरी म्हणावं तर ती पळवाट होते. सीए साइटच्या कायद्यातल्या यादीत शाळा, दवाखाना, पोस्ट, वाचनालय यांच्याबरोबर स्थानिक संस्थेच्या सेवा केंद्रालाही जागा आहे. महापालिकेने स्वतः चालवलेलं पाला केंद्र त्यात बसायला हरकत नसावी, असं माझं मत. मात्र हे बसतं की नाही ते बुडा (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) आणि नगररचना विभागाने लेखी सांगावं. नसेल बसत तर 1961 च्या नगररचना कायद्याचं कलम 14 ए आहे. वापर बदलायचा तर तो सार्वजनिक हिताचा हवा, वर्तमानपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते आणि लोकांना हरकतीसाठी किमान 15 दिवस द्यावे लागतात. वेळ लागतो, मान्य. पण काकांचा प्रश्न विचारायची जागा तीच आहे.

आमच्यातल्या काही हुशार मंडळींनी सुचवलं, एवढा कुटाणा कशाला, शेजारच्या बागेतच करू. कंपाउंड आहे, बोअर आहे. ह्याला माझा सरळ विरोध. बागेतला पाला बागेतच जिरवायला नियमांनीच सांगितलं होतं, तो जरूर जिरवा, कोपऱ्यात दोन खड्डे काढा. पण अख्ख्या वॉर्डाचा पाला बागेत आणणं म्हणजे बागेचा वापर बदलणं. 1991 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा. बेंगळूरच्या राजमहाल विलास विस्तारात बागेसाठी राखलेली जागा इस्पितळासाठी एका ट्रस्टला दिली होती. (त्या भागाला आज सदाशिवनगर म्हणतात, आपल्या सदाशिवनगराशी संबंध नाही.) रहिवासी भांडले आणि जिंकले. इस्पितळासारख्या चांगल्या कामासाठीही बाग देता येत नाही, तर पाल्यासाठी कशी देणार? आणि एकदा बागेत पाला चालला की उद्या बागेत पाण्याची टाकी, परवा पार्किंग, हे आपण ह्याच शहरात बघितलेलं आहे.

तोंडी परवानगीचा तोटा हाच असतो की तिला अटी नसतात. अट मोडली म्हणून ती रद्द करता येत नाही, आणि अडचण आली की 'मी कुठं हो म्हटलं' म्हणायला मोकळे. कागद असेल तर त्यात लिहिता येतं की पाला सकाळी 7 ते 10 याच वेळेत घ्यायचा, एरवी फाटकाला कुलूप. निर्माल्य, दोरा, थर्माकोल, ओला कचरा यांतलं काहीही नाही. चिपर तिथं कायम ठेवायचा नाही, गाडीवरून आणायचा आणि आठवड्यातून एक दिवस, तोही दुपारी, चालवायचा. पाण्याचा नळ आणि वाळूच्या बादल्या असल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. परवानगी एका वर्षाची, आणि मिश्र कचरा सापडला तर नूतनीकरण नाही. ही शेवटची अट आमच्या गटाला अजिबात आवडलेली नाही. "आपणच आपल्या पायावर धोंडा कशाला मारून घ्यायचा?" म्हणतात. अहो, ही अट नसेल तर काकांनी तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?

एक कुरकुर जाता जाता. चौकशीला गेलो तेव्हा खिडकीतून नेहमीचं उत्तर मिळालं, "अर्जी कोडी, नोडोण." म्हणजे अर्ज द्या, बघू. ठीक आहे, दिला अर्ज. पण उद्या हरकतींची नोटीस निघाली आणि ती फक्त कन्नडमध्ये असली, तर आमच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना मुदत संपल्यावर कळणार. कन्नडमध्ये काढाच, पण सोबत मराठीतही काढा आणि त्या जागेच्या फाटकावर चिकटवा. ज्याच्या दारासमोर जागा होणार त्याला वाचता येईल असा कागद मागणं हे काही आंदोलन नव्हे.

माझा अर्ज दोन पानी आहे, पोच घेतलीय. ज्यांना विरोध करायचाय त्यांनीही फ्लेक्सवर न थांबता लेखी हरकत द्यावी, आवाजाचा आणि आगीचा मुद्दा माझ्याकडून खुशाल उचलावा. अर्जात मी एक गोष्ट जास्तीची घातलीय: जागेवर देखरेख करायला रहिवाशांची समिती असेल तर त्यात निम्मे लोक विरोध करणाऱ्यांपैकी घ्या, आणि फाटकाची एक किल्ली त्यांच्याकडे राहू द्या. पहिलं नाव समोरच्या काकांचं सुचवलंय. त्यांना तसं सांगितलं तर म्हणाले, "किल्ली घेतो की. पण पाला आणून टाकणार नाही हां मी." अजून सही काही केलेली नाही त्यांनी.