"फुकट घरं"वाला मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई मुंबईत मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत राहतात. "झोपडपट्टीवाल्यांच्या घरांवर आणखी पैसा घालू नका" हा सगळीकडे फिरणारा मेसेज त्यांच्या मुलीच्या कॉलेज ग्रुपवर आला, तिने घरी वाचून दाखवला. म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं.

म्हणे, आपल्या टॅक्समधून फुकट घरं. एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजना, 1995 पासून आहे, त्यात घरं बिल्डर बांधतो आणि बदल्यात त्याला विकायला जास्तीचं बांधकाम मिळतं, खर्च आणि नफा तो त्यातून काढतो. आणि लल्लूभाईत तर रेल्वे न् रस्त्यांसाठी हटवलेली कुटुंबं आणून ठेवलीत, त्या रस्त्यांवरून आपणच जातो ना?

म्हणे, विकून परत झोपडीत जातात. काही विकतात, हो, दलालही आहेत, नाकारत नाही. पण लिफ्ट, पंप, मेंटेनन्स दर महिन्याला आणि काम राहिलं जुन्या वस्तीजवळ, मग काय करणार? आणि "सगळेच" विकतात हे कुठून आणलं, ते मेसेजमध्ये कुठेच नाही.

आता सगळ्यात घाणेरडा मुद्दा: "बिल्डिंग दिली तरी टीबी पसरवतात, सवयच तशी." अरे, सवय कसली! डॉक्टर्स फॉर यू या संस्थेचा 2018 चा अभ्यास शोधा. लल्लूभाई, गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी, तिन्ही वस्त्या एकाच भागातल्या, माणसं सारख्याच परिस्थितीतली. पहिल्या दोन ठिकाणी टीबी खूप, पीएमजीपीत बराच कमी. फरक कशात? पहिल्या दोन ठिकाणी बिल्डिंगी एकमेकींना इतक्या खेटून की मध्ये जेमतेम तीन मीटर, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, आणि टीबीही खालच्याच मजल्यांवर जास्त. ताईंचं घर पहिल्या मजल्यावर आहे, भरदुपारी ट्यूब लावावी लागते. या बिल्डिंगींचा नकाशा तिथे राहणाऱ्यांनी काढला होता का? कमी जागेत जास्त घरं कोंबायला नियम शिथिल केले कोणी? म्हणजे पैसा घालायचाच आहे, पण उजेड येईल अशा घरांवर, आणि उभ्या आहेत त्या बिल्डिंगी सुधारायला.

राहिलं "मुंबईत जागाच नाही". कापड गिरण्यांची सुमारे 600 एकर जमीन होती. 1991 च्या नियमाने त्यातला एक तृतीयांश भाग म्हाडाच्या (सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या) घरांना जायचा, 2001 मध्ये नियम बदलून तो हिस्सा फक्त गिरणीचं बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरता ठेवला, 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो बदल कायम केला. आज तिथे मॉल आणि टॉवर आहेत.