नात्यांचा वेगळा तक्ता कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली, दुपारी पुन्हा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पेशवे घराणं आणि त्यांच्याशी सोयरीक झालेली घराणी मिळून अकराशे व्यक्तींची यादी तुमच्याकडे एक्सेलमध्ये तयार आहे. प्रत्येक ओळीत वडील, आई, पती किंवा पत्नी असे रकाने आहेत. ती ह्युरिस्टमध्ये (संशोधनाची माहिती साठवायच्या डेटाबेस प्रणालीत) चढवण्यासाठी नात्यांचा वेगळा तक्ता करा, हा माझा सल्ला म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकाला संगणकाची हमाली करायला लावणं आहे. शिवाय माझा लेख वाचून तुम्ही नात्यांचा तक्ताच आधी इम्पोर्ट केलात, निम्मी नाती लागलीच नाहीत, आणि दोन संध्याकाळी फुकट गेल्या.

दुसरा मुद्दा आधी घेते, कारण तिथे चूक माझी आहे. क्रम काय ठेवायचा हे मी लिहायला हवं होतं. नातं जोडायचं तर त्याची दोन्ही टोकं आधी आत असावी लागतात. म्हणून पहिल्यांदा फक्त व्यक्ती न्यायच्या, प्रत्येकीला तुमचा स्वतःचा संकेतांक देऊन (व्य-००१, व्य-००२ असा साधा). व्यक्ती आत गेल्या की ह्युरिस्ट प्रत्येक नोंदीला आपला क्रमांक देतं, त्याला तिथे एच-आयडी म्हणतात. मग नात्यांचा तक्ता चढवायचा आणि त्यातले संकेतांक आधीच्या नोंदींशी जुळवून घ्यायचे: एकदा ज्याचं नातं आहे त्याच्यासाठी, एकदा ज्याच्याशी आहे त्याच्यासाठी. दोन्ही बाजूंचे एच-आयडी ओळीत आले, की त्या ओळीची नात्याची नोंद होते. तुम्ही हे उलट केलंत आणि त्याला कारण माझा लेख. तुमच्या त्या दोन संध्याकाळींबद्दल मनापासून क्षमा मागते.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. तुमच्या यादीत दुसरे चिमाजीअप्पा असणारच. त्यांच्या ओळीत 'वडील' या रकान्यात तुम्ही कोणाचं नाव लिहिलंत?

रघुनाथराव १७८३ साली गेले आणि चिमाजी त्यानंतर जन्मले. म्हणजे जन्माने वडील रघुनाथराव. १७९५ मध्ये सवाई माधवराव निपुत्रिक वारले. पुढच्या वर्षी त्यांच्या विधवा पत्नी यशोदाबाईंच्या मांडीवर चिमाजींना दत्तक देऊन पेशवाईची वस्त्रं दिली गेली. आता नातं पाहा. सवाई माधवरावांचे वडील नारायणराव आणि चिमाजी हे चुलत भाऊ. म्हणजे जो नात्याने पुतण्या, त्याचा मुलगा म्हणून चुलता दत्तक गेला! आणि ते दत्तकविधान त्याच वर्षात रद्दही झालं, डिसेंबर १७९६ मध्ये वस्त्रं थोरल्या भावाला, दुसऱ्या बाजीरावाला मिळाली. एका रकान्यात हे बसवायचं कसं? रघुनाथराव लिहिलं तर १७९६ ची सगळी उलथापालथ पुसली जाते, सवाई माधवराव लिहिलं तर रक्ताचा बाप हरवतो. दोन्ही नावं स्वल्पविराम देऊन लिहिली, तर कोणतं नातं कधी सुरू झालं, कधी संपलं, हे सांगायला जागाच उरत नाही.

वेगळ्या तक्त्यात याच्या दोन ओळी होतात. एक जन्माची. दुसरी दत्तकाची, सुरुवात १७९६, शेवट १७९६, शेऱ्यात 'रद्द', आणि शेवटी आधाराचा रकाना. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा हा शेवटचा रकाना आहे. व्यक्तीच्या ओळीत आधार लिहिला, तर तो तिच्या जन्मतारखेला आहे, आईच्या नावाला आहे की लग्नाला, हे पाच वर्षांनी तुम्हालाही सांगता येणार नाही. पेशवे दप्तराचे सरदेसाईंनी संपादलेले ४५ खंड तुमच्या हाताशी आहेत, खंड आणि लेखांक प्रत्येक नात्यापुढे स्वतंत्र लिहिता येतो. मग कुणी आक्षेप घेतला तर त्या एका नात्यावर घेईल, अख्ख्या माणसावर नाही.

आधाराचा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे. पत्रांतले मायने. 'तीर्थरूप' वडिलांनाही लिहायचे आणि घरातल्या इतर वडीलधाऱ्यांनाही. 'चिरंजीव' म्हणजे मुलगा, पुतण्या, धाकटा भाऊ, कोणीही. मायन्यावरून कुणी 'पुत्र' असं टिपून ठेवलं असेल, तर ते नातं कोणत्या पत्रावरून आलं हे दिसायलाच हवं, म्हणजे पुढचा वाचणारा सावध होईल. आणि नावंही तशीच. रघुनाथराव घरात दादा, सदाशिवराव भाऊ, बाळाजी बाजीराव नाना. यांतला एकही शब्द नातं सांगत नाही. त्यात बाजीराव दोन, चिमाजीअप्पा दोन, माधवराव दोन. नावावर जुळवणी सोडली तर पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंना, थोरल्या चिमाजीअप्पांच्या मुलाला, धाकट्या चिमाजीअप्पांचा मुलगा करून टाकायला एक चुकीचा जोड पुरतो. म्हणून संकेतांक.

तुम्ही विचारलंत, "स्पेलिंग नीट असेल तर नावाने काय बिघडतं?" देवनागरीत डोळ्यांना नीट दिसणारं नाव आतून वेगळं असू शकतं. बऱ्हाणपूर घ्या. त्यातला अर्धा र एका कळफलकावर नुक्त्याच्या ऱ पासून बनतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असा बनतो. पडद्यावर दोन्ही सारखे, पण जुळवणीत दोन वेगळी गावं. नावाच्या शेवटी चुकून राहिलेल्या मोकळ्या जागेचंही तसंच.

तारखांबद्दल एकच सांगते. एक्सेल १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखतच नाही, त्यामुळे १४ जानेवारी १७६१ तिथे नुसता मजकूर म्हणून राहते. तो रकाना मुद्दाम मजकूर म्हणूनच ठेवा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, आणि मूळ कागदातली तिथी व शक शेजारच्या रकान्यात जशीच्या तशी असू द्या. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) म्हणून साठवताना त्यातला यूटीएफ-८ हा पर्याय निवडा, नाहीतर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात.

आता हमालीचं. तुमचे तीन रकाने पुन्हा टंकायचे नाहीत. संकेतांक आणि वडील, संकेतांक आणि आई, संकेतांक आणि जोडीदार असे तीन तुकडे एकाखाली एक चिकटवा, शेजारी नात्याचा प्रकार लिहा, रिकाम्या ओळी गाळा. व्हीलुकअप (एका यादीतलं मूल्य दुसरीत शोधून आणणारं एक्सेलचं सूत्र) लावून नावांच्या जागी संकेतांक आणा. जिथे एकाच नावाच्या दोन व्यक्ती आहेत, तिथेच काय ते हाताने पाहावं लागेल, आणि ते पाहणं हे तुमचंच काम आहे, संगणकाला ते येत नाही. प्रकार तीनच ठेवा: जन्म, विवाह, दत्तक. चुलता, पुतण्या, नणंद, मेहुणा ही नाती या तिन्हींतून काढता येतात, ती भरू नका. अपवाद एकच. कागद नुसतं 'बंधू' म्हणतो आणि आईबाप माहीत नाहीत, तिथे तेवढंच लिहा. आणि नातं एकाच दिशेने भरा. 'चा पिता' भरलं की 'चे अपत्य' दुसऱ्या बाजूने आपोआप दिसतं, दोन्ही भरलीत तर प्रत्येक नातं दुप्पट होईल.

अकराशे ओळींना लगेच हात घालू नका. बाळाजी विश्वनाथांपासून धाकट्या चिमाजीअप्पांपर्यंतच्या वीसेक व्यक्ती आणि त्यांची नाती एका रिकाम्या चाचणी डेटाबेसमध्ये नेऊन पाहा. चिमाजींची नोंद उघडल्यावर रघुनाथराव आणि सवाई माधवराव दोघेही, आपापल्या प्रकाराने आणि वर्षांसह दिसले, तर बाकीची यादी चढवा. काही अडलं तर त्या वीस ओळी मला पाठवा, मी बसून पाहते. लेखात क्रमाचा परिच्छेद आज घातला आहे.