गप्प बसतो म्हणून शिकत नाही, असं कसं?

आज डोकं फिरलेलं आहे, त्यामुळे पोस्ट लांब होणार. ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात आज ट्रेनिंग होतं. बाहेरगावाहून ट्रेनर आलेले. विषय ‘टीमवर्क आणि शिकण्याची शैली’. सगळ्यांना खुर्च्या मांडून बसवलं, फॉर्म भरून घेतले आणि फॉर्मवरून ठरवलं की हा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा, पलीकडचा करून शिकणारा. मग गटात खेळ. कोण किती बोलतं त्यावर मार्क. संध्याकाळी आमच्या जॉबर (माग लावणारे, दुरुस्त करणारे) मामांच्या कागदावर शेरा आला : ‘सहभाग कमी, शिकण्याची तयारी कमी.’

मामांची शिकण्याची तयारी कमी! ज्या माणसाने साध्या धोट्याच्या मागापासून आताच्या बिनधोट्याच्या रॅपियर मागापर्यंत प्रत्येक मशीन हाताने शिकून घेतली, त्याची!

एक प्रसंग सांगते, म्हणजे कळेल मी का चिडले. एका मशीनवर टॉवेलचे लूप, म्हणजे वर उभे राहणारे धाग्याचे वेढे, कुठे उंच, कुठे बुटके येत होते. टेरीला, म्हणजे अशा लूपच्या कापडाला, ताण्याचे (उभ्या धाग्यांचे) दोन बीम, म्हणजे मोठे रूळ, लागतात, खाली मूळ कापडाचा आणि वर लूपचा. फणी आडवे दोन धागे जरा लांबच ठेवते आणि तिसऱ्याला तिन्ही एकदम ठोकते, तेव्हा लूप उभा राहतो. केबिनमध्ये मीटिंग झाली. सुताचा दोष, फणीचा दोष, कारागिराचा दोष, सगळं बोलून झालं. मामा कोपऱ्यात उभे. विचारलं तर “बघतो साहेब” एवढंच. नंतर शेडमध्ये गेले, मशीन चालू ठेवली, लूपच्या ताण्यावर तळहात अलगद टेकवून थोडा वेळ नुसते उभे राहिले. म्हणाले, “मॅडम, वरचा बीम अडखळतोय.” उघडून बघितलं तर एका टोकाला कापसाची धूळ घट्ट बसलेली. साफ केली, लूप सरळ.

या माणसाला तुम्ही कुठल्या खान्यात टाकणार? बघून, ऐकून की करून? त्याने तिन्ही केलं, आणि वर इतक्या वर्षांचं जे आधीच डोक्यात होतं तेही वापरलं. माणसामाणसात फरक असतोच, नाही कोण म्हणतं? पण खरा फरक असतो तो आधीपासून काय येतं यात, कुठली भाषा जिभेवर सहज येते यात, कुणासमोर भीती वाटते यात. ते त्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हतं.

आणि हे शैलीचं प्रकरण इतकं पक्कं असल्यासारखं का सांगतात? अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली त्यावरचं सगळं संशोधन तपासलं. ज्याची जी शैली त्याच पद्धतीने शिकवलं तर जास्त शिकतो, याला म्हणावा असा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्यालाही आता किती वर्षं झाली! तरी आमच्याकडे अजून तेच फॉर्म.

मामा घरी तेलुगू बोलतात. शाळा तेलुगू माध्यमाची, तीही लवकर सुटली. आपल्या सोलापुरात हे नवीन आहे का? चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं म्हणून आपण मिरवतो, तो माल विणणारे कितीतरी हात शहराच्या पूर्व भागातले, तेलंगणातून आलेल्या घरांतले. शेडमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी सगळं एकत्र चालतं आणि काम बिनबोभाट होतं. केबिनमध्ये मात्र शुद्ध मराठीत, त्यातही निम्मी इंग्रजी घालून, चटकन उत्तर द्यायचं. जो देईल तो हुशार. बाकीचे ‘सहभाग कमी’.

मान्य आहे, एक्स्पोर्टच्या ऑर्डरी आल्या की ऑडिट येतं, कागद येतात, बोलावं लागतं, लिहावं लागतं. नुसत्या तळहातावर कारखाना चालत नाही.

म्हणून तर दुसऱ्या माणसाचं सांगते. आमच्याकडे मंगळवेढ्याचा एक पोरगा आहे, टेक्स्टाईल डिप्लोमा झालेला. त्याला आधी कारण कळलं पाहिजे, मग हात चालतो. मामांचा आधी हात चालतो, कारण मागाहून. सुरुवातीला दोघांचं अजिबात पटायचं नाही. मामांना वाटायचं हा नुसता प्रश्न विचारतो, पोराला वाटायचं मामा शिकवायला नाखूश आहेत. लूपच्या त्या भानगडीनंतर पोराच्या लक्षात आलं की मामा केबिनमध्ये गप्प असतात, पण मशीनसमोर विचारलं की बोलतात. तेलुगूत विचारलं तर भरभरून बोलतात. मग हा वही घेऊन शेडमध्ये जायला लागला. वार्पिंगची, म्हणजे ताणा भरण्याच्या खात्यातली, एक मुलगी मध्ये भाषांतर करायची. मामा हाताने दाखवायचे, हा चित्र काढून खाली कारण लिहायचा. बीम अडखळला तर हाताला काय लागतं, कुठला आवाज बदलतो, मग काय उघडायचं. आज नवीन पोरं त्याच वहीवर शिकतात. एकमेकांसारखे नव्हते म्हणूनच वही झाली. दोघं पोरासारखे असते तर तळहात नसता, दोघं मामांसारखे असते तर वही नसती.

हे लिहिताना जरा शांत झाले. ट्रेनर पोरगाही वाईट नव्हता. त्याला वरून जे दिलं ते त्याने केलं, आणि चहाच्या वेळी मामांशी अदबीने बोलला. राग त्याच्यावर नाही.

राग त्या शेऱ्यावर आहे, कारण तो फाइलला लागणार. पगारवाढीच्या वेळी तीच फाइल उघडणार. तोंडाळ माणूस पुढे, हाताचा माणूस मागे.

हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांचं एक काम मला कायम आठवतं. हॉस्पिटलमध्ये औषध देताना होणाऱ्या चुका त्या बघत होत्या. ज्या टीम चांगल्या, त्यांच्या चुकांची नोंद उलट जास्त निघाली. कारण तिथली माणसं चूक झाली की सांगत होती, बाकीकडे दाबून ठेवत होती. आता मला सांगा, ज्या माणसाच्या कागदावर असा शेरा मारला तो उद्या बीम अडखळतोय हे सांगायला स्वतःहून पुढे येईल का? २०१० मध्येही अमेरिकेत छोट्या छोट्या गटांना कामं देऊन बघितली होती. ज्या गटात एकदोघंच बोलत राहिले ते मागे पडले, बोलण्याची पाळी सगळ्यांना मिळाली ते पुढे. गटातला सर्वांत हुशार कोण, याने तेवढा फरक पडला नाही.

“प्रत्येकाला वेगळं शिकवायला वेळ कुणाला आहे?” असं आज एक जण म्हणाला. वेळेचं त्याचं खरं आहे, शिफ्ट थांबत नाही. पण वेगळं शिकवा असं मी म्हणतच नाही. सगळ्यांना एकाच काठीने हाकू नका एवढंच म्हणते. ट्रेनिंग शेडमध्ये घ्या, चालू मशीनसमोर. तेलुगू येणारं माणूस सोबत ठेवा, आमच्याकडे डझनभर आहेत. आधी दाखवू द्या, मग बोलायला सांगा.

मामा जाताना गाडीला किक मारत म्हणाले, “मॅडम, त्या कागदावर काय लिहिलंय?” मी सांगितलं. ते “बरं” म्हणाले आणि गेले. दुसरं काहीच नाही. मला काय वाटलं ते लिहीत नाही, तुम्ही ओळखता मला.

सोमवारी मालकांना लेखी देणार आहे : शेरा काढा, आणि पुढचं ट्रेनिंग मामा आणि तो डिप्लोमावाला पोरगा मिळून घेतील. अक्कलकोट रोडच्या, चिंचोळीच्या एमआयडीसीत ज्यांच्या कारखान्यात असं शेडमध्ये शिकवणं चालतं त्यांनी कमेंटमध्ये लिहा, मला पत्राला जोडायचंय.