पैसे घेतले नाहीत म्हणून सुटलात असं नाही

सकाळी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर ड्राइव्हची लिंक. "जुनी भावगीतं, 400 एमपी3. उतरवून घ्या, पुढे पाठवा." खाली अंगठ्यांची रांग, आणि एका जाणकाराची टीप: "आपण पैसे कुठे घेतोय? कायद्याचा संबंधच नाही."

संबंध आहे हो! कॉपीराइट कायदा 1957, कलम 63. जाणूनबुजून कॉपीराइटचा भंग केला किंवा त्याला साथ दिली, तर 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. नफ्यासाठी केलं नसेल तर कोर्ट खास कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. कमी! माफ नव्हे. हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही) आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय. असल्या फॉरवर्डसाठी पोलीस सहसा दारात येत नाहीत, ठीक आहे. म्हणून गुन्हा उरत नाही का?

"अजून कुणी उतरवलंच नाही" हेही चालत नाही. लोकांना ऐकता येईल अशी सोय केली की पुरे, कुणी ऐकलं की नाही हे कायदा विचारत नाही. त्या फोल्डरला "लिंक असलेल्या कुणालाही" अशी परवानगी दिली, तिथेच काम झालं.

मग लाडका मुद्दा: गाणी जुनी आहेत. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं. म्हणजे 1964 ची तबकडी 2024 संपताना मोकळी झाली. पण फक्त तबकडी! शब्द आणि चाल यांची 60 वर्षं कर्त्याच्या मृत्यूनंतर मोजतात. गीतकार गदिमा 1977 मध्ये गेले, त्यांचे शब्द 2037 अखेरपर्यंत राखीव. संगीतकार बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, 2002 मध्ये गेले, त्यांच्या चाली 2062 अखेरपर्यंत.

लिंक टाकणाऱ्या काकांवर राग नाही खरं तर. फाइलींची नावं "बाजू अ", "बाजू ब", गाण्याआधी कॅसेटची खरखर. माणसाने एकेक कॅसेट लावून हे जपलंय. यातलं बरंचसं कंपन्यांनी बाजारातच ठेवलेलं नाही, तेही मान्य. स्वतःला ऐकायला केलेली प्रत कलम 52 मधल्या खाजगी वापरात बसू शकते. अख्ख्या सोसायटीचा ग्रुप कसा बसेल?

अ‍ॅडमिनने घाबरू नये. सभासदाच्या मेसेजसाठी निव्वळ अ‍ॅडमिन म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये वेगळ्या प्रकरणात म्हटलंय. ड्राइव्हवाल्या कंपनीला, लोकांनी चढवलेल्या फाइलींपुरतं, आयटी कायद्याच्या कलम 79 चं कवच आहे, नियम पाळले तर. फाइल चढवणाऱ्याला कसलंच कवच नाही.

तेव्हा काका, आधी ड्राइव्हवरचं शेअरिंग बंद करा, मग मेसेज डिलीट करा. नुसता मेसेज उडवलात तर ज्यांनी लिंक कॉपी केली त्यांच्याकडे ती चालूच राहील. उतरवलेल्या फाइली परत येणार नाहीत, पण निदान नवीन तरी जाणार नाहीत. आणि ग्रुपला ऐकवायचंच असेल तर अधिकृत चॅनेलवरच्या गाण्यांची प्लेलिस्ट करून टाका, तिला अंगठा मीही देईन.