सामसूम

"खात्यापित्या घरची दिसते. अगदी तुझ्यासारखी."

परवा डेक्कन क्वीनमध्ये मला हे ऐकवण्यात आलं, तेव्हा माझ्या हातात कटलेट होतं. दुसरं. ऐकवणारे काका माझे कोणी लागत नाहीत. खिडकी त्यांची, शेजारची सीट माझी आणि माझ्या मोबाइलवर २००५ सालची एक कोरियन मालिका चालू होती, एवढाच आमचा ऋणानुबंध.

मालिका भाचीने गळ्यात मारली होती. लॉकडाउनमध्ये ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ या मालिकेत उत्तर कोरियाचा कॅप्टन झालेल्या ह्यून बिन या नटाला बघून आमचं अख्खं घर खुळावलं होतं. तेव्हा ती म्हणाली, "मावशी, त्याचं जुनं बघ. ‘माय लव्हली सामसून’." १६ भाग. तीन घरी बघून झाले होते, चौथा पुणे-मुंबई प्रवासात उरकायचा बेत होता.

शिवाजीनगर गेलं आणि काका माझ्या पडद्यावर झुकले. मी मोबाइल जरा तिरका केला. तेही तिरके झाले. कानातलं एक बोंडूक काढून "तुम्हाला हवंय का?" असं विचारलं, कारण असं विचारलं की सभ्य माणूस ओशाळून बाजूला होतो. काका म्हणाले, "आवाज नको, नाही तरी कळत नाही. खालचं इंग्रजी वाचतो की मी."

आणि ते वाचू लागले. मोठ्याने. कचेरीत दस्त वाचून दाखवतात तसे, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. वाक्य संपायच्या आत पडद्यावरचं बदललं की म्हणायचे, "थांबवा, थांबवा, ‘यू आर’पर्यंतच झालं." नायक रागावून दार आपटून निघून जायचा, दुसऱ्या प्रसंगात जाऊन जेवायला बसायचा, आणि इकडे काका त्याला अजून ‘यू आर’मध्येच धरून बसलेले.

"हिचं नाव काय?"

"सामसून."

"सामसूम? मुलीचं नाव सामसूम?"

"सामसून. साम म्हणजे तीन. ती तिसरी मुलगी आहे."

"आणि सून म्हणजे सून?"

"नाही हो."

"होणारच आहे ना पुढे?" असं म्हणून ते स्वतःच खूप हसले आणि पलीकडच्या रांगेतल्या काकूंना त्यांनी तो विनोद पुन्हा सांगितला. काकू म्हणाल्या, "अहो, त्यांना बघू द्या." त्या माउलीने गेली चाळीसेक वर्षं हेच वाक्य म्हटलं असणार, इतकं ते सवयीने गुळगुळीत झालेलं होतं.

मग फर्मान निघालं की पहिल्यापासून लावा, मधूनच काय कळणार. आता हसू नका, पण मी लावलं. पाहिलेले तीन भाग एका अनोळखी माणसासाठी पळवत पळवत पुन्हा दाखवले. आपल्याला लहानपणापासून मोठ्यांना नाही म्हणायला कोणी शिकवतच नाही, आणि पन्नाशीला आलं तरी ते येत नाही.

तर, सामसून केक करणारी आहे, पॅरिसला शिकून आलेली, तिशीला टेकलेली. २४ डिसेंबरला तिचा प्रियकर हॉटेलात दुसरीबरोबर सापडतो आणि ही ढसाढसा रडायला जाऊन बसते ती नेमकी पुरुषांच्या टॉयलेटात. डोळ्यांतलं काळं गालांवर ओघळलेलं, नाक लाल, चेहऱ्याचा पार लगदा. या जागी मी थांबवलं होतं, कारण काकांचं वाचून व्हायचं होतं. आणि या जागी त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे, एकदा कटलेटकडे पाहिलं आणि ते वाक्य उच्चारलं.

लोणावळ्यापर्यंत मी ‘तुम्ही’ होते. खंडाळ्याच्या बोगद्यात शिरताना ‘तू’ झाले. कोरियन मालिकांत माणसं ‘अहो’वरून ‘अगं’वर येतात, तो मोठा प्रसंग असतो. पात्रं आधी परवानगी विचारतात, कोणीतरी दुखावतं, कधी नुसतं ते ऐकून कोणी लाजतं. इथे काही नाही. बोगद्यात दिवे लागले आणि मी ‘तू’.

बरं, ही सामसून जाड म्हणे. प्रत्येक भागात कोणीतरी तिला ते सुनावतं. नटीने, किम सन-आने, भूमिकेसाठी मुद्दाम वजन वाढवलं होतं. एवढं वाढवून ती जेवढी झाली, तेवढी मी दिवाळीच्या आधी असते. दिवाळीनंतरचं जाऊ द्या. आणि तिशीची बाई म्हणजे संपलेली केस. नायक तिला मनगट धरून फरफटवतो, तेही प्रेमात मोजायचं. कोरियात २०२४ मध्ये हीच मालिका कापूनछाटून आठ भागांची करून पुन्हा आणली, ती उगाच नाही.

पण मुख्य अडचण निघाली ती कराराची. नायक रेस्टॉरंटचा मालक. आई लग्नाचा लकडा लावते म्हणून तो सामसूनला खोटी प्रेयसी व्हायला सांगतो. तिचं घर कर्जात जायच्या बेतात, म्हणून ती पाच कोटी वोन मागते.

"पाच कोटी!" डब्यातली तीन-चार डोकी वळली.

"वोन हो. तेव्हाचे वीस-बावीस लाख रुपये."

"करार लेखी आहे?"

"आहे."

काका सावरून बसले. दुय्यम निबंधक कार्यालयात ३२ वर्षं काढली होती त्यांनी. पुढचा घाट आम्ही ह्यून बिनकडे न बघता उतरलो. आता शंभराचा स्टॅम्पपेपर चालत नाही, पाचशेचा लागतो. साक्षीदार कुठे आहेत? आणि मुळात खोटं प्रेम दाखवून आईला फसवायचं, हा हेतूच बेकायदा. १८७२ चा करार कायदा, कलम २३. "रद्दबातल. हिला एक पैसा मिळणार नाही. सांग तिला."

"कोणाला?"

"ह्या सामसूमला."

कर्जतला त्यांना कळलं की तिला नाव बदलून हीजिन करायचंय. त्यावर राजपत्रात कसं छापून आणायचं ते सुरू झालं. "नावात काय आहे?" असंही म्हणाले. मला एवढा वेळ आला नव्हता तो राग तिथे आला. माझी एक आत्या तिसरी मुलगी. तिचं नाव नकुसा. पेन्शनच्या कागदावरसुद्धा नकुसा. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा २८५ मुलींना एका समारंभात नवी नावं दिली, पण आत्या तेव्हा साठीची होती, तिला कोण बोलावणार. कोरियात लोक सामसून नावाला हसले, कारण ते जुनाट, गावंढळ वाटतं. शेवटच्या भागाला ५० टक्क्यांवर प्रेक्षक मिळाले. आमच्या आत्याच्या नावाला कोणी हसलं नाही. हसण्यासारखं काही होतं असं कोणाला वाटलंच नाही.

हे मी काकांना बोलले नाही. नुसतं म्हटलं, "काका, मला बघू द्या." चक्क म्हटलं. काकूंनी माझ्याकडे जी नजर टाकली ती मी जपून ठेवली आहे.

काका गप्प झाले. कल्याणपर्यंत. मग स्वतःचा फोन काढून नातवाला लावला आणि स्पीकरवर विचारलं, "अरे, त्या सामसूमचं शेवटी काय होतं?" नातवाने शोधून सांगितलं. सगळं. मी कानांत बोटं घालेपर्यंत उशीर झाला होता.

दादरला पिशव्या काढताना काकांनी वाकून मला निकाल दिला. "नामसान डोंगराच्या पायऱ्यांवर मुका घेतात म्हणे. पण लग्नाचा पत्ता नाही, आईचा विरोध तसाच. नोंदणी झालेली नाही, लक्षात ठेव." काकूंनी जाता जाता मेथीची एक पुरी माझ्या हातावर ठेवली. खात्यापित्या घरची म्हणूनच असणार.

काल रात्री सोळावा भाग संपवला. त्या पायऱ्या आल्या. पहिल्या भागात रडून लगदा झालेली ती, आता त्याच्याबरोबर हसत हसत पायऱ्या चढतेय. कोणालाही गहिवरून यावं. मी उशी छातीशी धरली, डोळे पुसले, आणि मोबाइलकडे बघून मोठ्याने म्हणाले, "अगं बाई, आधी कागद करून घे."